आधुनिक ऑस्ट्रेलियन ‘यूट’ वाहनांचे भावी संग्रहमूल्य : निकष व मर्यादा

प्रस्तावना :
वापर आणि वय वाढले की वाहनाची किंमत घटते, असे आपण घसाऱ्याचा पाठ शिकविताना सांगतो. २०२१ च्या प्रारंभी ऑस्ट्रेलियात झालेला एक लिलाव मात्र या नियमाला छेद देणारा ठरला. ‘एचएसव्ही जीटीएसआर डब्ल्यू१ मालू’ या २०१७ मधील गाडीला त्यात १० लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. मूळ प्रकाराने ही गाडी मालवाहू होती. अशा वाहनाचे भावी संग्रहमूल्य आज कोणत्या निकषांवर ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
पुढून मोटारीसारखे आणि मागे मालाचा उघडा हौदा असलेले वाहन म्हणजे ‘यूट’ होय. रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात पोहोचवील असे वाहन द्यावे, अशी मागणी एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीकडे पत्राने केली, अशी आख्यायिका आहे. जिलाँग येथील फोर्डच्या कारखान्यातील लुईस बँट यांनी आखलेले हे वाहन १९३४ मध्ये बाजारात आले. होल्डनची पहिली यूट १९५१ ची. पुढे २०१६ मध्ये फोर्डने आणि २०१७ मध्ये होल्डनने ऑस्ट्रेलियातील मोटारनिर्मिती थांबविली. २०२० मध्ये जनरल मोटर्सने ‘होल्डन’ हे नावच संपुष्टात आणण्याचे जाहीर केले. फोर्ड फाल्कन आणि होल्डन कमोडोर यांच्या बांधणीवरील यूटचा वंश अशा रीतीने खंडित झाला. यापुढे पुरवठ्यात भर पडणार नाही, ही संग्रहमूल्याची पहिली अट येथे पूर्ण होते. परंतु ही अट त्या वंशातील सर्वच गाड्यांना लागू असल्याने तिच्यावरून एकीची निवड करता येत नाही. त्यासाठी पुढील निकष पाहावे लागतात.

मूल्यनिश्चितीचे निकष :
१) दुर्मीळतेचे कारण : डब्ल्यू१ मालूच्या अवघ्या चार गाड्या तयार झाल्या. डब्ल्यू१ सेदानमधील ४७४ किलोवॉट शक्तीचे इंजिन त्यांत बसविले होते आणि त्या सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस नव्हत्या. याउलट होल्डन क्रूमन या चार दरवाजांच्या यूटवर आधारलेली ‘एचएसव्ही ॲव्हलांच एक्सयूव्ही’ ही गाडीही मोजकीच आढळते; पण ती मुळातच कमी खपली. पहिलीबाबत मागणी होती व पुरवठा नव्हता. दुसरीबाबत पुरवठा असूनही मागणी बेताची होती. दोन्ही दुर्मीळ असल्या तरी त्यांची दुर्मीळता एकाच मापाने मोजता येत नाही.

२) उत्पादित संख्या आणि उरलेली संख्या : २०१४ ची ‘जीटीएस मालू’ २५० गाड्यांपुरती मर्यादित असल्याचे आधीच जाहीर झाले होते. अशी गाडी घेणारा ती पहिल्या दिवसापासून जपण्याचा संभव अधिक. त्यामुळे उत्तम स्थितीतील गाड्यांची संख्या फारशी घटत नाही. साध्या यूट मात्र शेतावर आणि बांधकामावर राबून झिजतात, गंजतात आणि भंगारात जातात. म्हणून पन्नास वर्षांनी मूळ स्थितीतील साधी यूट ही गाजावाजा झालेल्या मर्यादित आवृत्तीपेक्षाही विरळ असू शकेल. कारखान्यातील आकड्याइतकाच हा झिजेचा हिशेब महत्त्वाचा आहे.

३) मूळपणा व कागदोपत्री पुरावा : साध्या यूटवर मालूची चिन्हे व सुटे भाग बसवून तिची हुबेहूब प्रतिकृती करता येते. त्यामुळे ओळखपट्टी, चासी व इंजिन क्रमांक, सेवापुस्तिका आणि मालकीची साखळी यांचा मेळ बसणे आवश्यक ठरते. मालकाने हौसेने केलेले फेरबदल कितीही खर्चिक असले तरी ते संग्राहकाच्या दृष्टीने बहुधा उणेच असतात.

४) सामूहिक स्मृती : मे २००६ मध्ये वूमेरा येथे मार्क स्कैफ यांनी मालू आर८ ताशी २७१.४४ किलोमीटर वेगाने चालवून उत्पादित यूटचा जागतिक विक्रम केला. असे प्रसंग तरुण मनांवर ठसतात आणि तीच मंडळी पुढे मिळवती झाल्यावर ग्राहक म्हणून बाजारात येतात. म्हणजे मागणीलाही पिढीचे वय असते.

मर्यादा :
हे निकष पूर्ण झाले तरी किंमत चढतीच राहील, असे नाही. १९७१ ची ‘फाल्कन जीटीएचओ फेज थ्री’ ही यूट नसली तरी याबाबत बोलके उदाहरण आहे. तिचे दर २००७ च्या सुमारास भडकले, २००८ च्या आर्थिक संकटानंतर कोसळले आणि पुढे कैक वर्षांनी दहा लाख डॉलरच्या पलीकडे गेले. शिखरावर कर्ज काढून खरेदी करणारा या मधल्या काळात तग धरू शकला असता काय, हा प्रश्न सरासरी वाढीच्या आकड्यात दिसत नाही. साठवण, विमा व देखभाल यांचा खर्चही नफ्यातून वजा करावा लागतो. शिवाय आजची तरुण पिढी विजेच्या गाड्यांत वाढत आहे. पेट्रोल इंजिनाच्या गर्जनेविषयी तिला तीच ओढ वाटेल, असे गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष :
डब्ल्यू१ मालूची किंमत हा अपवाद आहे, तो प्रमाण मानून इतर यूटचे मूल्य काढणे सदोष ठरेल. वंशखंड, मागणीसह दुर्मीळता, सिद्ध मूळपणा आणि स्मृती हे चारही निकष जिथे एकत्र येतात तिथेच भावी मूल्याविषयी काहीशा विश्वासाने बोलता येते. एक विसंगती मात्र उरते. चर्च आणि बाजार या दोहोंसाठी जन्मलेल्या वाहनाचे मूल्य आज ते हौद्यात काहीही न भरता, न चालविता ठेवल्याने वाढते. उपयोगमूल्य संपविल्यावरच संग्रहमूल्य वाढत असेल, तर मिळालेल्या किमतीसोबत गमावलेल्या उपयोगाचीही नोंद मूल्यमापकाने ठेवली पाहिजे.