अनोळखी नावाचा ॲम्प्लिफायर घ्यावा का?



सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचे गुरुजी उन्हाळ्याच्या सुटीत माझ्याकडे आले होते. गावाने वर्गणी काढून शाळेसाठी पंधरा हजार रुपये जमवले होते. मुलांना पडद्यावर धडे आणि चित्रपट दाखवायची सोय शाळेत झालेली होती. पण आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून घरगुती चित्रपटगृहासाठी, म्हणजे ज्याला आपण ‘होम थिएटर’ म्हणतो त्यासाठी मिळतो तसला एक ॲम्प्लिफायर घ्यावा, असा विचार ठरला. नावाजलेल्या कंपनीच्या यंत्राची किंमत ऐकून गुरुजी दुकानातून परत फिरले. नुसत्या यंत्रालाच सगळी वर्गणी पुरत नव्हती.

मग दुकानदाराने दोन अनोळखी नावांची यंत्रे पुढे ठेवली. पहिल्यावर निळे-तांबडे दिवे होते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘५००० वॅट’. दुसरे काळे, साधे. त्यावर एवढेच लिहिलेले : ‘३० + ३० वॅट, ८ ओहम’. किंमत मात्र दुसऱ्याचीच पाचशे रुपयांनी जास्त!

गुरुजी म्हणाले, “दिवे जास्त, वॅट जास्त, पैसे कमी. मग दुसरं कोण घेईल? पण गावाचा पैसा आहे हो. उद्या बिघडलं तर प्रत्येकजण मलाच विचारणार.”

त्यांची अडचण खरी होती. नाव माहीत नाही म्हणून माल वाईट ठरत नाही, आणि स्वस्त मिळतो म्हणून चांगलाही ठरत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी पुष्कळ यंत्रे मिळतात. त्यांत इमानाने बांधलेलीही असतात आणि नुसती रंगवलेलीही. ती ओळखायची कशी, एवढेच आज पाहू.

पहिला प्रश्न वॅटचा. गुरुजींना मी विचारले, “तुमच्या विहिरीवर मोटार किती एच.पी.ची?” ते म्हणाले, “पाच.” एक एच.पी. म्हणजे ७४६ वॅट. पाचाचे झाले ३,७३० वॅट. एवढ्या मोटारीला आपल्याकडे बहुधा तीन फेजची लाईन घ्यावी लागते. आता हे दिव्यांचे खोके म्हणते की मी ५००० वॅट देतो. म्हणजे जवळजवळ पावणेसात एच.पी.! आणि जोडायचे कुठे, तर भिंतीवरच्या साध्या प्लगला. तो प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ ने गुणा, येतात १,३८० वॅट. विहिरीत जेवढे पाणी आहे त्याहून जास्त मोट कशी उपसणार?

मग हा आकडा येतो कुठून? काही खोक्यांवर ‘पी.एम.पी.ओ.’ अशी अक्षरे छापलेली असतात. तो निमिषमात्र निघू शकेल अशा शक्तीचा फुगवलेला आकडा असतो, आणि तो कसा मोजायचा याचा सर्वांनी मानलेला नियमच नाही. आपल्याला हवी ती सतत मिळणारी शक्ती. तिच्यापुढे बहुधा ‘आर.एम.एस.’ असे लिहितात. पण नुसती ती अक्षरेही पुरी नाहीत. किती ओहमच्या स्पीकरवर मोजले? एकच स्पीकर चालवून मोजले की सगळे एकदम? आवाज किती बिघडला तेव्हा मोजले? अमेरिकेत याच भोंगळपणामुळे तिथल्या संघीय व्यापार आयोगाला १९७४ साली घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम करावा लागला. २०२४ साली तो आणखी घट्ट केला : ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर आणि बिघाड एक टक्क्याहून कमी. तो नियम आपल्याकडे लागू नाही. पण त्यातले प्रश्न दुकानात विचारायला कोणाची हरकत आहे?

उत्तर मिळाले नाही तर यंत्र फिरवून मागची पट्टी वाचा. तिथे ते विजेच्या लाईनीतून किती वॅट घेते ते लिहिलेले असते. घेतले त्याहून जास्त सतत देणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. भरपूर तापणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रात घेतलेल्यापैकी निम्मी किंवा थोडी जास्त वीज स्पीकरला मिळते, बाकीची उष्णता होते. ‘क्लास डी’ नावाच्या नव्या पद्धतीत ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत मिळू शकते. काळ्या यंत्राच्या पट्टीवर १२० वॅट होते आणि ते देऊ म्हणत होते साठ. हिशेब जुळला. दिव्यांच्या यंत्राच्या पट्टीवर होते ८० वॅट. गुरुजी ती पट्टी दोनदा वाचून हसले. म्हणाले, “हे तर चौथीच्या पोराचं गणित!”

काहीजण यंत्र उचलून वजनावर पारख करतात. जुन्या पद्धतीत ती बरीचशी खरी होती, कारण आत लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. नव्या पद्धतीचे चांगले यंत्रही हलके असू शकते. म्हणून वजनावर एकट्यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न : वॅट हवेत तरी किती? वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. वाढ फक्त ३ डेसिबलची, कानाला जेमतेम जाणवेल इतकी. कानाला दुप्पट वाटायचा तर सुमारे दहापट वॅट लागतात. उलट, स्पीकरच्या कागदावर ‘८७ डेसिबल’ऐवजी ‘९० डेसिबल’ असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला खरे वीस-तीस वॅट पुरे होतात. तेव्हा वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत.

इथे एक इशारा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले की भार ४ ओहमचा होतो आणि यंत्राला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. ‘शेजारच्या वर्गातही एक लावू’ म्हणत आपण असेच करतो, यंत्र जळते आणि दोष कंपनीला जातो. यंत्रावर किमान किती ओहम लिहिले आहे ते पाहूनच स्पीकर वाढवावा.

तिसरी परीक्षा कानाची. दुकानदार आवडते गाणे मोठ्याने लावतो. तसे ऐकू नये. जे थोडे मोठे वाजते तेच आपल्याला चांगले वाटते, हा कानाचा स्वभावच आहे. दोन यंत्रांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. मग गाण्याऐवजी बातम्या लावा आणि खोलीच्या टोकाला जाऊन उभे राहा. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पाट’ आणि ‘पाठ’ वेगळे ऐकू येतात का? शाळेला धमधमाट नको, अक्षर हवे. त्यानंतर काहीही न वाजवता आवाजाची कळ पूर्ण फिरवा आणि स्पीकरजवळ कान न्या. थोडी सळसळ चालेल. ‘घूंऽऽ’ असा घुमणारा आवाज मोठा असेल तर बांधणीत किंवा अर्थिंगमध्ये दोष आहे. शेवटी अर्धा तास वाजवून झाकणावर हात ठेवा. कोमट असावे. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर तिथेच नमस्कार करावा.

आपल्याकडे रात्री व्होल्टेज पडते, सकाळी चढते. म्हणून मागच्या पट्टीवर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत यंत्र चालते तेही वाचावे.

‘५.१’ या आकड्याविषयीही दोन शब्द. पाच स्पीकर आणि खर्जाचा एक, असा त्याचा अर्थ. चित्रपटातले बोलणे बहुतेक मधल्या स्पीकरमधून येते. पण काही स्वस्त यंत्रांत दोन स्पीकरचाच आवाज पाच ठिकाणी वाटून दिलेला असतो. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी आणि ‘डॉल्बी डिजिटल’ची सोय आहे का, ते विचारा. नसेल तर पाचांचे पैसे देऊन दोनच मिळतील. घरी मोठा टी.व्ही. असेल आणि हे सारे हवे असेल, तर मी नावाजलेल्या कंपनीचे, जमल्यास जुने पण चालू यंत्र घ्या असे सांगेन. वर्गाला मात्र दोन चांगले स्पीकर पुरतात.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा : तिसऱ्या वर्षी हे उघडणार कोण? इथे अनोळखी नावाला कधी कधी फायदा असतो. आपल्याकडची पुष्कळ साधी यंत्रे ‘४४४०’ क्रमांकाच्या आयसीवर किंवा ‘५२००’ आणि ‘१९४३’ या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर बांधलेली असतात. तालुक्याच्या कारागिराला ती पाठ असतात आणि सुटे भाग मिळतात. मात्र या ट्रान्झिस्टरच्या नकलाही बाजारात खूप, म्हणून भाग ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. आणि एक ‘४४४०’ फार तर वीस वॅटच्या आतबाहेर देतो. त्याच्यावर ‘५०० वॅट’ लिहिलेले दिसले तर काय समजायचे, ते आता तुम्हांला सांगायला नको.

खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीचा क्रमांक आणि माल कोणत्या देशाचा हे असलेच पाहिजे. ठराविक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तशा मालावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर ताडून पाहता येतो. हे चिन्ह सुरक्षिततेचे, आवाजाच्या गोडीचे नव्हे. पक्के बिल घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण बिल नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

गुरुजींनी घाई केली नाही. आधी तालुक्याच्या कारागिराला गाठून काळ्या यंत्राचे झाकण उघडून दाखवले. तो म्हणाला, “आतलं सगळं ओळखीचं आहे, नीट बांधलंय.” मग ते घेतले. उरलेल्या पैशांत ९० डेसिबलचे दोन स्पीकर आणि जाड वायर आली.

परवा त्यांचे पत्र आले. मागच्या बाकावरची मुले आता पुढे सरकत नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात त्यांनी किमतीबरोबर यंत्राचा अनुक्रमांक, फ्यूज १ अँपिअरचा, स्पीकर ८ ओहमखाली लावू नये, आणि कारागिराचे नाव-गाव अशी नोंद करून ठेवली आहे. उद्या त्यांची बदली झाली तरी पुढच्या गुरुजींना ते यंत्र अनोळखी राहणार नाही.