हंगाम सरल्यावरचा कामगार

दिवाळी आटोपली की अकोला-अमरावतीकडे कापसाचे दिवस सुरू होतात. भरलेल्या गाड्या प्रथम बाजारात व तेथून जिनिंगच्या कारखान्यात जातात. सरकी निराळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि ऊन तापू लागले म्हणजे बहुतेक यंत्रे थांबतात. यंत्रे थांबल्यावर त्यांच्यापुढे राबणाऱ्या स्त्रीपुरुषांचे काय होते, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून क्वचितच निघतो. वऱ्हाडातील कित्येक घरांतील मुलांची शिक्षणे कापसाच्या पैशावर झाली आहेत. म्हणूनच हा प्रश्न वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कामगारसंघांचा शास्त्रीय अभ्यास प्रथम युरोपात झाला. इंग्लंडातील सिडनी व बीॲट्रिस वेब ह्या दांपत्याने 1894 साली तेथील संघांचा इतिहास व 1897 साली त्यांच्या कार्यपद्धतीची मीमांसा प्रसिद्ध केली. ह्या पतिपत्नींनी संघांच्या जुन्या वह्या चाळल्या, त्यांच्या सभांना हजेरी लावली, आणि मग आपले निष्कर्ष मांडले. संघ म्हणजे केवळ संपापुरता जमलेला जमाव नव्हे, सातत्य हा त्याचा प्राण होय, असे त्यांनी आवर्जून सांगितले. हे तत्त्व मान्य केले, तर वऱ्हाडात लगेच अडचण उभी राहते. कारखानाच जेथे वर्षातून काही महिने चालतो, तेथे त्याच्या कामगारांच्या संघास सातत्य कोठून यावे?

कायद्यानेही ह्या कामगाराकडे फार दिवस पाठ फिरविली. वऱ्हाडात कापसाच्या व धान्याच्या बाजारासाठी 1897 सालीच कायदा झाला. परंतु हिंदुस्थानच्या 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याच्या लेखी, वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारा कारखाना हा कारखानाच नव्हता! 1911 साली ही उणीव दूर झाली. तरी 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याचे 54 तास ठरविले, तेथे हंगामी कारखान्यास 60 तासांची मुभा ठेविली. हा भेद 1948 साली गेला. पण त्याच वर्षी झालेल्या राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले. त्यांची व्याख्या करताना कापसाची सरकी काढणे आणि गाठी बांधणे ही कामे चक्क नावानिशी सांगितली आहेत. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही विम्याच्या बाबतीत हंगामी कारखान्यास दाराबाहेरच ठेविले आहे. आजारपण का हंगाम पाहून येते?

युरोपात ह्या अडचणीवर दोन उपाय निघाले. पहिला लंडनच्या गोदीतला. तेथील हमालास रोज सकाळी फाटकापाशी उभे राहून काम मिळते की नाही ते पाहावे लागे. 1889 साली ह्याच विस्कळित लोकांनी सुमारे पाच आठवडे संप करून तासाला सहा पेन्स मजुरी मिळविली. पुढे 1947 साली तेथे अशी योजना झाली की, कामगाराचे नाव एखाद्या मालकाच्या नव्हे, तर मंडळाच्या वहीत नोंदले जावे. ती योजना 1989 पर्यंत चालली. दुसरा उपाय बेल्जममधील गेंट ह्या कापडगिरण्यांच्या शहराचा. काम सुटलेल्या सभासदास संघ आपल्या निधीतून जी मदत देत, तिच्यात 1901 पासून नगरपालिकेने आपली भर घालण्यास आरंभ केला. ही रीत डेन्मार्क, स्वीडन इत्यादी देशांत पसरली. बेकारीतही ज्याचा आधार मिळतो, तो संघ कामगार सहसा सोडीत नाही. म्हणूनच त्या देशांत संघांची सभासदसंख्या टिकून राहिली, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्यात काही अपरिचित वाटू नये. एखाद्या भावाची मिळकत वर्षभर बंद पडली, तरी त्याचे पान मांडावयाचे राहत नाही. गेंटच्या कामगारांनी हीच व्यवस्था नात्याबाहेरच्या माणसांसाठी केली, इतकेच.

‘हे तिकडचे, आपल्याकडे चालावयाचे नाही,’ असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर महाराष्ट्रातच आहे. मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांची सभा भरविली, आणि 1890 मध्ये गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली. ना. म. जोशी 1919 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पण आमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा दाखला म्हणजे 1969 चा माथाडी कायदा. आज ह्या पेढीवर तर उद्या त्या वखारीवर ओझी वाहणारा हमाल एका मालकाचा नसतो. अण्णासाहेब पाटील ह्यांनी अशा लोकांस संघटित केले. आणि त्या कायद्याने मालक व हमाल ह्या दोघांचीही नोंद मंडळाकडे करून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींची सोय लाविली. मालकापाशी सातत्य नसेल, तर ते मंडळाच्या वहीतून निर्माण करता येते, हे येथे सिद्ध झाले.

मग रेच्यापुढे कापूस टाकणाऱ्या बाईने असा कोणता अपराध केला आहे? गाडीवरचा बोजा उतरविणाऱ्यास जी युक्ती लागू पडली, ती त्याच बोजातील सरकी काढणारीस का लागू पडू नये? कामाचे महिने, मजुरी, आजारपण, उन्हाळ्यातले स्थलांतर ह्यांची नोंद असल्यावाचून कोणताही कायदा नीट रचता येणार नाही. अमरावतीस विद्यापीठ आहे, अकोल्यास कृषिविद्यापीठ आहे. वेब दांपत्याप्रमाणे वही घेऊन कारखान्याच्या दाराशी बसण्याइतके शिक्षण तर आमच्या घरोघरच्या मुलामुलींपाशी आहेच. ते काम त्यांनी येत्या हंगामातच हाती घ्यावे. कापसाचा भाव आपण नित्य विचारतो. एकदा त्या हातांचीही विचारपूस होऊ द्या.