मोठ्या आतड्याविना जगताना पाण्याइतकेच मिठाचे भान आवश्यक

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होऊन व्रण पडतात. औषधे निष्प्रभ ठरली, रक्तस्राव आटोक्यात येईनासा झाला किंवा कर्करोगाची शक्यता दिसू लागली, की मोठे आतडे आणि गुदाशय काढून टाकण्याचा मार्ग उरतो. दाहाचे स्थानच नाहीसे होत असल्याने या शस्त्रक्रियेला ‘कायमचा इलाज’ म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आतडे आजवर मुकाट्याने करीत आलेले काम यापुढे रुग्णाला स्वतः लक्ष ठेवून करावे लागते.

हे काम प्रामुख्याने पाणी आणि मीठ राखण्याचे. निरोगी मोठे आतडे दररोज लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी क्षारांसह शोषून शरीराला परत देते. ते काढल्यावर लहान आतड्याचे टोक पोटावरील छिद्रातून बाहेर आणले जाते आणि पातळ मल तेथे चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. यालाच इलिओस्टोमी म्हणतात. काही महिन्यांत लहान आतडे बरेचसे जुळवून घेते. मात्र मिठाची गळती पूर्णपणे थांबत नाही. त्यामुळे आपल्याकडील उन्हाळ्यात ‘भरपूर पाणी प्या’ एवढाच सल्ला या रुग्णांना पुरत नाही. स्राव वाढलेला असताना नुसते साधे पाणी पीत राहिल्यास शरीरातील सोडियम आतड्यात ओढले जाते आणि पिशवी अधिकच वेगाने भरते. जलसंजीवनीत मिठासोबत साखर असते ती चवीसाठी नव्हे. ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषले जाते व त्यामागोमाग पाणी. चक्कर येणे, पायात गोळे येणे, लघवी कमी व गडद होणे या खुणा दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

कायमची पिशवी नको असणाऱ्या अनेकांसाठी लहान आतड्याच्याच शेवटच्या भागाचा कोष करून तो गुदद्वाराशी जोडला जातो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये हे तंत्र मांडले. आज रूढ असलेला इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचा कोष जपानच्या उत्सुनोमिया यांचा. तरीही दिवसातून साधारण चार ते आठ वेळा शौचास जावे लागते, रात्रीही उठावे लागू शकते. सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी कोषाचा दाह होतो. तो बहुधा प्रतिजैविकांनी शमतो. या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांची गर्भधारणेची शक्यता घटू शकते, हे तरुण रुग्णांना आधीच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

आहारात सुरुवातीला खोबरे, मका, कच्ची कोबी, शेंगदाणे जपून आणि बारीक चावून खावे लागतात, अन्यथा आतड्यात अडथळा होण्याची भीती असते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या न विरघळताच बाहेर पडू शकतात. म्हणून नवे औषध घेताना डॉक्टरांना इलिओस्टोमीची कल्पना द्यावी.

पिशवीची जागा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून पोटावर आखली जाते. त्या वेळी आपण जमिनीवर मांडी घालून बसतो का, साडीच्या निऱ्या किंवा सलवारीची नाडी नेमकी कोठे येते, हे रुग्णाने आवर्जून सांगावे.