ठरलं, पण कोणी ठरवलं?

आज एका इंग्रजी शब्दाशी ओळख करून घेऊ या. शब्द आहे ‘डिसाइड’. तो तुम्ही ऐकलेला आहे. कॉलेजला जाणारी मुलं म्हणतात ना, “आई, अजून डिसाइड नाही केलं.” डिसाइड म्हणजे ठरवणं. स्पेलिंग असं: डी, ई, सी, आय, डी, ई. यातल्या ‘सी’चा उच्चार ‘क’ नाही, ‘स’ करायचा. होऊन गेलेली गोष्ट सांगताना म्हणायचं ‘डिसायडेड’. आणि जो निर्णय होतो, तो ‘डिसिजन’.

हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. तिथे त्याचा अर्थ होता कापून वेगळं करणं. आपण नाही का म्हणत, ‘एक घाव, दोन तुकडे’? तसंच ते. दहा वाटा समोर असतात, नऊ तोडायच्या आणि एक धरायची.

आता एक गंमत बघा. आपण रोजच्या बोलण्यात ‘ठरवलं’पेक्षा ‘ठरलं’ जास्त म्हणतो. लग्न ठरलं. शेत विकायचं ठरलं. धाकटीची शाळा बंद करायचं ठरलं. कोणी ठरवलं, ते वाक्यात येतच नाही. जणू पाऊस पडावा तसं ते आपोआप ठरलं.

इंग्रजीतल्या ‘डिसाइड’चं साधं वाक्य करायला गेलं, की आधी माणूस सांगावा लागतो. मी, आम्ही, तो, ती, कोणीतरी. म्हणून मला हा शब्द आवडतो. चला, वाक्यं करू. माझ्यामागून मोठ्याने म्हणा.

पहिलं: “आय डिसाइड.” मी ठरवते. मराठीत पुरुष ‘ठरवतो’ म्हणतो, बाई ‘ठरवते’ म्हणते. इंग्रजीत दोघांनाही ‘आय डिसाइड’च. तो किंवा ती ठरवते असं सांगायचं असेल, तर शेवटी ‘स’ जोडायचा: “शी डिसाइड्स.”

दुसरं: “वी डिसायडेड टु बाय अ शिलाई मशीन.” आम्ही शिलाई मशीन घ्यायचं ठरवलं. काय करायचं ठरवलं, ते सांगण्याआधी ‘टु’ येतो. शिलाई मशीनला इंग्रजीत ‘सोइंग मशीन’ म्हणतात, पण आज लक्ष ‘डिसाइड’कडे ठेवू.

तिसरं नीट ऐका. “वी डिसायडेड नॉट टु सेल द काऊ.” गाय विकायची नाही, असं आम्ही ठरवलं. आणि “वी डिड नॉट डिसाइड टु सेल द काऊ” म्हणजे गाय विकायचं आम्ही ठरवलं नाही. पहिल्या वाक्यात विषय मिटला. दुसऱ्यात तो मिटला असं म्हणता येत नाही, उद्या दावणीला गिऱ्हाईक येऊ शकतं. ‘नॉट’ची जागा बदलली की अर्थ बदलतो.

चौथं वाक्य जपून ठेवा: “आय हॅव नॉट डिसायडेड येट.” माझं अजून ठरलेलं नाही. कर्जाच्या कागदांबरोबर कोणी विम्याचा कागद पुढे करतं आणि म्हणतं, “मॅडम, इथे सही करा.” तेव्हा हे वाक्य उपयोगी पडतं. इंग्रजीतच म्हणायला हवं असं नाही. “अजून ठरवलं नाही, कागद घरी नेऊन वाचते,” एवढं मराठीत म्हटलं तरी काम होतं. ‘अजून ठरवलं नाही’ हेही एक पूर्ण उत्तर आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाचवं वाक्य दोनच शब्दांचं: “हू डिसायडेड?” कोणी ठरवलं?

इंग्रजीतही नाव लपवायची सोय आहे बरं का. “इट वॉज डिसायडेड,” म्हणजे ‘असे ठरविण्यात आले’. कचेरीच्या कागदांवर ही भाषा फार. आपल्या गटाच्या इतिवृत्तातही ती शिरते. ‘कर्ज देण्याचे ठरले,’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढे हप्ता थकला की जी ती म्हणते, “मला कुठे विचारलं होतं?” त्यापेक्षा सूचक कोण, अनुमोदक कोण, किती जणी हजर होत्या, किती जणींनी हो म्हटलं, हे लिहा. नाही म्हणणारीचंही नाव लिहा.

गावातही तसंच. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असंही कायद्यात आहे. पण त्या सभेला आपण गेलोच नाही, किंवा नुसती सही करून परतलो, तर पाण्याची टाकी कुठे बांधायची हे ‘ठरून’ जातं. मग हंडे घेऊन लांब चालायचं आपणच.

आणि घरात? ‘मुलीचं लग्न ठरलं’ हे वाक्य कानावर आलं की विचारा, कोणी ठरवलं? तिला विचारलं का? 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तिचं वय 18 पूर्ण हवं, हे तर आहेच. पण 18 झाली म्हणून तिला विचारायचं राहून जाऊ नये. “शी डिसायडेड,” तिने ठरवलं, असं तिच्याबद्दल म्हणता आलं पाहिजे.

आता घरचा अभ्यास. गेल्या वर्षभरात तुमच्या घरात ‘ठरलेल्या’ पाच गोष्टी वहीत लिहा. प्रत्येकीपुढे ठरवणाऱ्याचं नाव लिहा. तुमचं नाव किती ठिकाणी आलं ते मोजा. मग त्यातल्या एका गोष्टीचं वाक्य ‘आय डिसायडेड’ने सुरू करा. पुढच्या बैठकीत ते एकमेकींना वाचून दाखवा. इंग्रजी चुकलं तरी चालेल, मुली दुरुस्त करून देतील.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.