सुक्या मासळीचा डबा

मालेगाव कुठे नि समुद्र कुठे! तरी मृगाचा पाऊस तोंडावर आला की आमच्या गल्लीत सुके बोंबील नि सुकट डब्यांत भरून ठेवण्याची घाई सुरू होते. मांस-मटण रोज परवडत नाही. भाकरीबरोबर दोन भाजलेले बोंबील पुरतात. आणि हे गरिबाचे कोरड्यास काही कमी दर्जाचे नव्हे, बरे का! शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. काट्यासकट खाल्ला तर चुनाही भरपूर मिळतो.

पण बोंबलाची एक गोम आहे. वर्सोवा, सातपाटीकडे बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून तो वाळवतात, तेव्हा त्याला बहुधा मीठ लावत नाहीत. म्हणजे त्याचे सारे रक्षण कोरडेपणावर! पावसाळी हवेत तो पाणी ओढून घेतो, मऊ पडतो आणि त्यावर बुरशी धरते. खारवलेल्या बांगड्याला मिठाचा आधार असतो. पण खाऱ्यातच वाढणारे जंतू त्यावर लालसर डाग पाडतात.

आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘अहो, तव्यावर भाजला की सगळं जातं!’’ जंतू बरेचसे मरतात, हे खरे. पण काही जंतूंनी आधीच सोडलेले विष, तसेच बांगडा-कुपा नासताना होणारे हिस्टामिन, भाजल्या-उकळल्यानेही जात नाही. वास मात्र खमंग येतो. फसगत होते ती इथेच.

मग चुलीवरच्या फळीवर ठेवून धूर द्यावा का? धुरात जंतूंना आवरणारी द्रव्ये असतात. लक्षद्वीपचे लोक कुपा मिठाच्या पाण्यात शिजवतात, धुरी देतात नि मग उन्हात कडकडीत वाळवतात. म्हणून तो टिकतो. नुसत्या धुराचा भरवसा नाही. १९६३ साली अमेरिकेत धुरी दिलेल्या, पण ओलसर माशांच्या हवाबंद पिशव्या थंडीत न ठेवता दूरवर धाडल्या गेल्या; ते मासे खाऊन माणसे दगावली.

मी बोंबील घेताना मोडून पाहते. कट्‌कन तुटला तर घ्यावा, वाकला तर दुकानदाराला परत द्यावा. घरी आणल्यावर एक कडक ऊन दाखवावे, पूर्ण निवू द्यावा आणि घट्ट झाकणाच्या लहान लहान डब्यांत भरावा. मोठा डबा रोज उघडला की रोज दमट हवा आत जाते. पावसाने उघडीप दिली की पुन्हा ऊन द्यावे. बुरशी दिसली तर पुसून वापरू नये, सरळ फेकावा. आणि डब्यात ओला हात घालू नये, मग घरात कितीही घाई असो.