मागच्या आसनावरील डोके उघडेच!

लोहा : नांदेड-लातूर मार्गावरील या तालुक्याच्या ठिकाणी एसटीतून उतरलेल्या माणसाला आतल्या गावी जायचे असेल, तर ओळखीच्या कुणाची तरी मोटारसायकल हा पुष्कळदा एकमेव आधार ठरतो. पाहुणा असेल तर फुकट, एरवी पेट्रोलपुरते पैसे. मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा तर ही वर्दळ आणखीच वाढते. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर मात्र टोपी, रुमाल किंवा पदरच असतो.

हेल्मेट चालकानेच वापरायचे असते, हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मग तो चालवणारा असो वा मागे बसणारा, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शिखांना यातून सूट आहे, हे नांदेडकरांना वेगळे सांगावयास नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न वापरलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले. त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते.

वास्तविक मागे बसणाऱ्याची स्थिती अधिक नाजूक असते. त्याच्या हाती हँडल नसते, पुढचा खड्डा त्याला दिसत नाही आणि ब्रेक कधी लागणार हेही ठाऊक नसते. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या स्त्रीचा तोल तर सहज जातो. डोके रस्त्यावर आदळते तेव्हा हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबतो आणि आघात स्वतःवर घेतो. हा थर एकदाच कामी येतो. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होत असल्याचे आढळले आहे.

प्रश्न उरतो तो एवढाच की, हे दुसरे हेल्मेट आणायचे कोणी? वाटेत भेटलेला प्रवासी ते काखेत घेऊन फिरत नाही. रवांडाची राजधानी किगाली येथे मोटारसायकल टॅक्सीचा चालकच प्रवाशासाठी जादा हेल्मेट बाळगतो. राज्य मंत्रिमंडळाने १ एप्रिल २०२५ रोजी ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली, परंतु ती एक लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. म्हणजे नांदेड त्यात बसते, लोहा बसत नाही. येथे परवाना नाही, ठरलेले भाडे नाही आणि म्हणून जादा हेल्मेटची विचारणा करणारेही कोणी नाही. त्यातच खासगी दुचाकीचा विमा भाड्याच्या वाहतुकीसाठी नसतो, त्यामुळे पैसे घेऊन नेताना अपघात झाल्यास भरपाईचा वाद उभा राहू शकतो.

दुसऱ्याचे घामट हेल्मेट घालण्याचा संकोच समजण्यासारखा आहे. त्यावर डोक्याला आधी स्वच्छ रुमाल बांधण्याचा साधा उपाय आहे. मराठवाड्याच्या उन्हात तो बहुतेकांजवळ असतोच. मात्र हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळावा. पट्टा मोकळा राहिला, तर माणूस पडण्याआधीच हेल्मेट रस्त्यावर पडलेले असते.