सांगाडा आधी, संगणक नंतर

१२ मिलिमीटर व्यासाच्या दोन पोलादी दांड्या ६०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर समांतर ठेवल्या आणि मधोमध पाच किलोचं वजन टांगलं, तर त्या सुमारे अर्धा मिलिमीटर वाकतात. नुसत्या डोळ्यांना हा बाक कळतही नाही. पण घरच्या घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड, प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिक कोरणारं यंत्र बांधायला निघालेल्याचं सगळं यश या अर्ध्या मिलिमीटरवर अवलंबून असतं. फिरती मोटर आणि तिला वरखाली नेणारी यंत्रणा मिळून पाच किलो सहज भरतात.

आता इलेक्ट्रॉनिक्सची बाजू पाहू. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे १,६०० झाले. मोटरला जोडलेला बॉल स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवत असेल, तर एका मिलिमीटरमागे ३२० सूक्ष्म पावलं पडतात. कागदावर एक पाऊल ०.००३ मिलिमीटरचं. मोटरला आज्ञा मिळते तीन मायक्रॉनची आणि सांगाडा तिच्यात दीडशेपटीहून मोठी चूक मिसळतो. तरीही बहुतेक नवशिके पहिले पैसे खर्च करतात ते बोर्डावर, ड्रायव्हरवर आणि मोठ्या मोटरवर. हा क्रम उलटा असायला हवा.

वाकण्याचं गणित अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिकवलं जातं. बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. त्याच दांड्या १२ ऐवजी २० मिलिमीटरच्या घेतल्या, तर बाक अर्ध्या मिलिमीटरवरून ०.०७ मिलिमीटरवर येतो. उलट, मोठा दरवाजा कोरता यावा म्हणून लांबी दुप्पट केली, तर बाक आठपट होतो. म्हणूनच जाणकार टोकांवर टेकवलेल्या मोकळ्या दांड्या टाळतात आणि पूर्ण लांबीभर चौकोनी पाइपावर बसवलेली लिनियर रेल वापरतात.

पण पाइप तरी सरळ कुठे असतो? लोखंडी चौकोनी पाइपाला वेल्डिंग केलं की शिवण थंड होताना आकसते आणि चौकट पिळवटते. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून घ्यायचे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं वेल्डिंग करायचं, ही फॅब्रिकेशनवाल्यांची जुनी शहाणी रीत इथे कामी येते. त्यानंतरही पृष्ठभाग सपाट मिळत नाही. घरी मिलिंग मशीन नसणाऱ्यांनी त्यावर एक सुंदर उपाय शोधला आहे. दोन्ही रेलांच्या जागेभोवती कडा उभारायच्या, दोन्ही बाजू एका पन्हळीने जोडायच्या आणि त्यात हळू घट्ट होणारं पातळ इपॉक्सी ओतायचं. द्रव स्वतःच पातळी धरतो आणि दोन्ही पट्ट्या एकाच पातळीत घट्ट होतात. महागड्या यंत्राचं काम इथे गुरुत्वाकर्षण करतं.

काटकोन तपासायलाही भारी उपकरण लागत नाही. सुताराचा गुण्या छोट्या कोपऱ्याला पुरतो, मोठ्या चौकटीला नाही. तिथे ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या खुणा करायच्या आणि तिरकं अंतर बरोबर १,००० येतं का ते पाहायचं.

या यंत्राचा वंश हेलिकॉप्टरपर्यंत जातो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स आणि फ्रँक स्टुलेन हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या खटपटीत होते. पात्याची वक्ररेषा हाताने नेमकी उतरेना, तेव्हा त्यांनी तिच्यावरचे बिंदू आकडेमोडीच्या यंत्रावर काढले. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने १९५२ साली भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांसमोर आणलं. त्याचा नियंत्रक व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेला होता. आज तेच काम तळहातावर मावणारा आर्डुइनो बोर्ड करतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुडने २००९ मध्ये त्यासाठी ‘जीआरबीएल’ हे नियंत्रक सॉफ्टवेअर लिहिलं आणि सर्वांना मोफत खुलं केलं. घरगुती सीएनसीची लाट खऱ्या अर्थाने त्यावर उभी आहे.

महाराष्ट्रात ही लाट येण्याआधीच तिची जमीन तयार होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. मूल हाताने काम करता करता शिकतं, हा त्यांचा विश्वास. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम शिकत होती. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी सामान्य माणसासाठी संगणकचलित यंत्रांची कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, अमेरिकेबाहेर न्यायची ठरवली, तेव्हा २००२ मध्ये जगातल्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली. मोठ्या विद्यापीठाऐवजी दुष्काळी पट्ट्यातलं हे खेडं त्यासाठी निवडलं गेलं, ही बाब महाराष्ट्राने जितकी मिरवायला हवी तितकी मिरवलेली नाही.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या, दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासासारख्या गावात पाबळचा धडा जास्तच लागू पडतो. कर-सवलतींमुळे पिपरिया, मसाट, खडोलीच्या परिसरात प्लॅस्टिक आणि सुताचे कारखाने आले. वापी अर्ध्या तासाच्या अंतरावर. बेअरिंग, बोल्ट, लेथवर फिरवून घ्यायचा एखादा तुकडा, यांसाठी लांब जावं लागत नाही. कारखान्यात पाळी करणाऱ्या आयटीआयच्या मुलाला मशीन चालवता येतं. पण बंद कव्हरखाली काय चाललंय ते पाहायची मुभा सहसा नसते. घरच्या यंत्रात कव्हरच नसतं. पट्टा सैल झाला, पाऊल चुकलं, तर कारण त्यालाच शोधावं लागतं, आणि शिक्षण तिथेच होतं.

इथल्या हवेचा मात्र स्वतंत्र विचार करावा लागतो. वर्षाला २०० ते २५० सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात उघड्या रेलांवर गंज चढतो आणि एमडीएफची बैठक ओल शोषून फुगते. फुगलेल्या बैठकीवरचा उपाय यंत्राच्याच हाती आहे. रुंद बिट लावून राउटरने स्वतःची बैठक पातळसर सोलून काढायची. बिट फिरवणारा स्पिंडल यंत्राच्या आडव्या हालचालीला काटकोनात असेल, तर ती त्या हालचालीला समांतर होते. हे काम पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करावं.

वेगाचं गणित अनेकजण अंदाजाने करतात, ते करू नये. मिनिटाचे फेरे, बिटच्या धारांची संख्या आणि प्रत्येक धारेने कापायची जाडी यांचा गुणाकार म्हणजे पुढे सरकण्याचा वेग. १२,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिलिमीटर असेल, तर मिनिटाला १,२०० मिलिमीटर. भीतीपोटी यापेक्षा फार हळू गेलं तर बिट कापण्याऐवजी घासतो, तापतो, लाकूड काळं पडतं. धुळीबाबत मात्र भीती बाळगलेली बरी. लाकडाचा भुसा हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे. धूळ ओढणारी नळी, मास्क, चष्मा, हाताशी लाल स्टॉप बटण आणि पक्कं अर्थिंग यांशिवाय यंत्र सुरूच करू नये.

आज फर्निचरच्या दुकानांत सीएनसी जाळी आणि कोरलेले देव्हारे सर्रास दिसतात. वारल्यांच्या मुलखातल्या सिल्वासात यंत्रावर काय कोरायचं म्हटलं की वारली चित्रांची आठवण होणं साहजिक आहे. पण वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या कलावंतांनी ती जगभर नेली. तिच्या आकृत्या विकायच्या तर वारली कलाकाराशी व्यवहार करूनच, हे यंत्र बांधतानाच ठरवून घ्यावं. सरावासाठी वारल्यांच्या तारपा नृत्याच्या फिरत्या रांगेसारखा सर्पिल आपण स्वतः आखावा. यंत्राला हालचाल सांगणारा जी-कोड तयार होताना तो बहुधा शेकडो छोट्या रेषाखंडांत मोडतो आणि नियंत्रकाला पुढचे खंड आधी वाचून वेग सांभाळावा लागतो. तसं झालं नाही, तर यंत्र प्रत्येक सांध्यावर अडखळतं.

त्याआधी ५० मिलिमीटर व्यासाची एक चकती कापावी आणि व्हर्नियर कॅलिपरने चार दिशांना मोजावी. तिरकी मापं आपसांत वेगळी आली तर अक्षांचा काटकोन चुकला आहे. आडवं आणि उभं माप वेगळं आलं, तर मिलिमीटरमागच्या पावलांचा आकडा तपासावा. चकतीच्या कडेवर चार ठिकाणी, जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे, बारीक पायरी लागली तर स्क्रू आणि नटमध्ये प्ले, म्हणजे मोकळीक, आहे. नट आवळावा, कपलिंगचे स्क्रू पाहावेत आणि नवी चकती कापावी.